सीताफळ आपल्याला, हॅमस्टरला नको

दसरा जवळ आला की अंबाजोगाईच्या बाजारात सीताफळाच्या पाट्या दिसू लागतात. बालाघाटच्या हलक्या, मुरमाड जमिनीत फारसं पाणी न मागता वाढणारं हे झाड म्हणजे या भागाची ओळख. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्रही अंबाजोगाईतच आहे. ‘डोळे उघडलेलं’ फळ कुठलं आणि अजून अढीत ठेवायचं ते कुठलं, हे इथल्या शाळकरी पोरालाही हात लावला की कळतं. आता काही घरांत कुत्र्या-मांजरांच्या जोडीने हॅमस्टरही आला आहे. तळहातावर मावणारा, रात्रभर चक्रावर पळणारा हा छोटा जीव मुलांना फार आवडतो, आणि जे आवडतं त्याला आपण आधी खाऊ घालतो. घरात सीताफळ फुटलं की चमचाभर गर पिंजऱ्यात जाणं अगदी साहजिक आहे. पण तो चमचा पिंजऱ्यात जाऊ नये, असं मला वाटतं. हॅमस्टरला एखादं फळ कधीतरी चवीपुरतं चालतं, मात्र त्याचं माप आपल्या हाताने नव्हे, त्याच्या शरीराने ठरवावं लागतं; आणि सीताफळ तर त्या मापातही बसत नाही.

आधी बी पाहू. आपण सीताफळ कसं खातो? पाकळी तोंडात घेतो, जिभेने गर सोडवतो आणि काळी, गुळगुळीत बी बाहेर टाकतो. चुकून एखादी गिळली गेली तरी तिचं कवच इतकं टणक असतं की सहसा ती तशीच्या तशी बाहेर पडते. हॅमस्टरचं नेमकं उलट आहे. तो मुळात दाणे खाणारा प्राणी. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि कवच कुरतडून आतला दाणा काढणं हेच त्यांचं काम. ताटलीत गर आणि बी दोन्ही ठेवलं तर आपण जे थुंकून टाकतो तेच त्याला खरं अन्न वाटण्याचा धोका आहे. आणि या फळात जपून राहायचं ते बीपासूनच. सीताफळाच्या बियांत ॲसिटोजेनिन गटातली द्रव्यं असतात. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारी यंत्रणा ती रोखतात, म्हणूनच त्यांचा कीटकनाशक म्हणून अभ्यास झाला आहे. गावाकडे या बियांची पूड उवा मारायला डोक्याला लावत आलेत, आणि ती डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते, हे नेत्रतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाचं आहे. जी पूड माणसाच्या डोळ्याला इतकी झोंबते, तिचं मूळ पन्नास ग्रॅमच्या जिवाच्या दाताखाली जाऊ देणं शहाणपणाचं नाही. बिया काढून दिल्या तर? काढताना एखादी राहून जाते, हे सीताफळ खाणाऱ्या कुणालाही सांगायला नको. सफरचंदाची बीही अशीच काढून टाकावी लागते, कारण चावल्यावर तिच्यातून सायनाइड तयार होतं. पण सफरचंदाचा गाभा सुरीच्या एका फटक्यात वेगळा होतो, सीताफळाचा होत नाही.

आता गराचा हिशेब. मोठ्या, म्हणजे सीरियन जातीच्या हॅमस्टरचं वजन साधारण 100 ते 150 ग्रॅम असतं, आणि दुकानदार ज्यांना ड्वार्फ म्हणतात त्या छोट्या जातींचं 30 ते 50 ग्रॅम. चमचाभर गर दहा ग्रॅम धरला, तर 40 ग्रॅमच्या हॅमस्टरला तो त्याच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याइतका होतो. साठ किलोच्या माणसापुढे पंधरा किलो सीताफळ ठेवल्यासारखं. ही तुलना थोडी ताणलेली आहे, हे मान्य केलं पाहिजे. लहान प्राण्याचं शरीर ऊर्जा भराभर जाळतं, वजनाच्या मानाने तो आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त खातो. म्हणून हिशेब त्याच्या रोजच्या खुराकाशी लावू. ड्वार्फ हॅमस्टर दिवसाला पाच-सात ग्रॅम कोरडे दाणे खातो. सीताफळाच्या गरात साधारण पाचवा हिस्सा साखर असते. म्हणजे त्या एका चमच्यात दोन ग्रॅमच्या आसपास साखर पोटात गेली, आणि दिवसभराच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा एकाच गोड घासात उरकला. उरलेल्या भुकेत दाणे, तंतू, प्रथिनं बसवायची कुठे? शिवाय चिकटपणा आहेच. हॅमस्टर खाणं लगेच गिळत नाही, गालातल्या पिशव्यांत भरून बिळात नेतो. कोरडा दाणा त्या पिशवीतून सहज सुटतो, पण सीताफळ, केळं, खजूर यांचा लगदा आतल्या त्वचेला चिकटून बसतो आणि तिथे जखम, संसर्ग होऊ शकतो. जे बाहेर काढलं जातं ते भुशात पुरलं जातं, आणि परतीच्या पावसाच्या दमट हवेत त्याला बुरशी यायला वेळ लागत नाही.

‘रानात हे प्राणी फळं खातातच की,’ असा आक्षेप हमखास येतो. हॅमस्टरचं रान कोणतं, हे पाहिलं की त्याचं उत्तर मिळतं. घरोघरी पाळल्या जाणाऱ्या सीरियन हॅमस्टरांपैकी बहुतेक सगळे एकाच कुटुंबाचे वंशज आहेत. 1930 मध्ये इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियातल्या अलेप्पोजवळ एका शेतात खणून काढलेली एक मादी आणि तिची पिल्लं, ही त्यांची मूळ माणसं म्हणा हवं तर. तो कोरडवाहू, धान्य-कडधान्याचा मुलूख. तिथे दाणे, गवत, अधूनमधून किडे हे त्याचं अन्न. आणि माणसाने पिढ्यान् पिढ्या निवडून गोड केलेली फळं त्याच्या बिळापर्यंत येण्याचं कारणच नव्हतं. दुसरा युक्तिवाद जीवनसत्त्वाचा असतो: फळात ‘क’ जीवनसत्त्व आहे, ते नको का मिळायला? इथे दोन प्राण्यांची गल्लत होते. गिनीपिगच्या शरीरात ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाही, त्याला ते आहारातूनच द्यावं लागतं. हॅमस्टर आपल्या शरीरात ते स्वतः बनवतो. दुकानात दोघांचे पिंजरे शेजारी असतात म्हणून आहार एक होत नाही.

‘आम्ही दिलं, काही झालं नाही,’ हे सर्वांत जास्त ऐकू येणारं आणि सर्वांत फसवं उत्तर. हॅमस्टरचं आयुष्य दोन ते तीन वर्षांचं. सीताफळाचा दोन महिन्यांचा हंगाम त्याच्या आयुष्यात माणसाच्या चार-पाच वर्षांएवढा असतो, आणि इतका काळ रोज गोड खाल्ल्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळी दिसत नाही. काही ड्वार्फ जातींमध्ये, विशेषतः कॅम्पबेल जातीत, मधुमेहाची प्रवृत्ती जन्मतःच असते. पाणी खूप पिणं, भुसा सारखा ओला होणं, खाऊनही वाळत जाणं ही त्याची चिन्हं. शिकार होणारा प्राणी आजार लपवतो. तो कोपऱ्यात मलूल बसलेला दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाय, म्हैस, शेळीच्या गरजेवर उभा आहे आणि तसाच असायला हवा. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, पण जुलाब लागलेल्या 40 ग्रॅमच्या जिवाजवळ प्रवासाएवढा वेळ नसतो. म्हणून इथे उपचारापेक्षा ताटलीत काय पडतं यावरच सगळं अवलंबून आहे.

खरं तर हे शहाणपण या मातीला नवं नाही. पोळ्याला बैलाला पुरणपोळीचा घास भरवणारा शेतकरी त्याला टोपलीभर पोळ्या खाऊ देत नाही. दावं तोडून जनावराने पोटभर धान्य खाल्लं तर पोटात आम्ल वाढून ते दगावू शकतं, हे त्याला ठाऊक असतं. वाळलेला कडबा ज्या ज्वारीचा, तिचेच कोवळे फुटवे खाऊन गुरं विषबाधेने मरतात, म्हणून तो त्यांना कापलेल्या रानात मोकळं सोडत नाही. झाडाचा कोणता भाग, कोणत्या वयाचा, कोणत्या जनावराला, किती, हे चारही प्रश्न गोठ्यात आपण विचारतो. पिंजऱ्यापाशी मात्र ते विसरतो, कारण तो प्राणी आपल्याला जनावर न वाटता खेळणं वाटतो. यात दोष मुलांचा नाही. त्यांना हे प्रश्न कुणी शिकवलेच नाहीत.

मग द्यायचं काय? रोजचा आहार कोरड्या दाण्यांचा, आणि तो तर आपल्या घरातच आहे: ज्वारी, बाजरी, राळे, थोडी प्रथिनाची जोड. बाजरीचं एक वाळलेलं, फवारणी नसलेलं कणीस पिंजऱ्यात आडवं ठेवलं तर हॅमस्टर एकेक दाणा सोलत रात्र घालवतो. मुलांनी ते बघत बसावं, चमच्यातल्या गरापेक्षा त्यात बघण्यासारखं पुष्कळ आहे. ओलं काही द्यायचं तर काकडीची पातळ चकती बरी. फळच द्यायचं असेल तर धुतलेल्या, बी काढलेल्या सफरचंदाचा किंवा नाशपातीचा मटारच्या दाण्याएवढा तुकडा, आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. ड्वार्फ जातीला तोही टाळलेलाच बरा. उरलेला तुकडा काही तासांत उचलायचा. मोसंबी, संत्री त्यांच्या आंबटपणामुळे नकोत, आंबा आणि केळं साखरेमुळे. मनुके आणि खजूर दिसायला इवलेसे असतात, पण पाणी उडून गेल्याने त्यांत निम्म्याहून जास्त साखरच उरते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा थंडावा म्हणून कलिंगडाची फोड द्यावीशी वाटते. तिने जुलाब होण्याचीच शक्यता अधिक. पिंजरा पत्र्याच्या खोलीतून हलवून घरातल्या सर्वांत गार फरशीवर ठेवणं आणि पाण्याची बाटली दिवसातून दोनदा बदलणं, याचा उपयोग जास्त.

केंद्र सरकारच्या 2018 च्या पाळीव प्राणी दुकान नियमांत कुत्रा, मांजर, ससा यांच्याबरोबर हॅमस्टरचंही नाव आहे, आणि असं दुकान चालवायला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणी तपासणाऱ्यांनी दुकानदाराकडे आणखी एक गोष्ट मागायला हरकत नाही: प्रत्येक पिंजऱ्यासोबत मराठीतला अर्ध्या पानाचा कागद. जात कोणती, वजन किती, रोजचे दाणे किती, फळाचा तुकडा केवढा, आजाराची चिन्हं कोणती, एवढंच त्यात असावं. झेरॉक्सला एक रुपया लागेल. आणि तो कागद अंबाजोगाईत वाटायचा असेल तर ‘हे देऊ नका’च्या पहिल्या ओळीत सीताफळाच्या बीचं नाव हवं.