फीत कापायला पैसे, वायर बदलायला फाइल

भंडारा जिल्ह्यात ‘रेफर’ हा शब्द शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही कळतो. लाखांदूरहून, तुमसरहून पेशंट भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात येतो. तिथं जमलं नाही की चिठ्ठी मिळते आणि ॲम्ब्युलन्स साठेक किलोमीटरवरच्या नागपूरला निघते. मेडिकल, नाहीतर मेयो. मेयो म्हणजे लॉर्ड मेयो, इंग्रजांचा व्हाइसरॉय. दवाखान्याला इंदिरा गांधींचं नाव देऊन कितीतरी वर्षं झाली, पण ऑटोवाल्याला अजून ‘मेयो’च सांगावं लागतं.

या जुन्या सरकारी दवाखान्यांचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘इंग्रजांनी बांधलं ते टिकलं.’ दुसरं, ‘पाडा ते जुनाट, नवं बांधा.’ ही माणसं एकमेकांशी भांडतात खरी, पण दोघांचं लक्ष इमारतीवरच असतं. दवाखाना म्हणजे भिंती, असं दोघंही धरून चालतात. माझं भांडण नेमकं याच समजुतीशी आहे.

मुंबईचं जे.जे. रुग्णालय १८४५ साली सुरू झालं. सर जमशेटजी जिजीभाईंनी एक लाख रुपये दिले, तेवढेच कंपनी सरकारनं घातले, आणि नाव जमशेटजींचं लागलं. यात वाईट काही नाही. पण देणगीतून इमारत एकदाच उभी राहते. डॉक्टरचा पगार, औषधं, धुतलेल्या चादरी, गळकं छप्पर हा खर्च दर महिन्याला येतो, आणि त्यावर कुणाचं नाव कोरलं जात नाही. १९२६ साली परळला केईएम उभं राहिलं, तिथंही देणगीदार होते. पण ते रोज चालवण्याची जबाबदारी मुंबई महापालिकेनं घेतली, आणि आजही त्याचा खर्च पालिकेच्या वार्षिक अर्थसंकल्पातून येतो. केईएममध्ये गर्दी आहे, जमिनीवर गाद्या टाकाव्या लागतात, हे सगळं खरं. तरी ते शंभर वर्षं चाललं ते दगडाच्या जोरावर नाही. दरवर्षी कुणीतरी पैसे मोजले म्हणून चाललं.

आता भंडाऱ्याला या. ९ जानेवारी २०२१ची पहाट. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली. आत १७ बाळं होती. सात वाचली, दहा गेली. तीन भाजून आणि सात धुरानं गुदमरून, असं सरकारनंच सांगितलं. हा कक्ष काही इंग्रजांच्या काळातला नव्हता. तिथली यंत्रं नव्या जमान्यातली होती. म्हणजे ‘जुनाट पाडा, नवं बांधा’ हे औषध इथं आधीच देऊन झालं होतं. रुग्णालयात अग्निसुरक्षा यंत्रणा बसवायचा प्रस्ताव आधीच वर गेला होता आणि मंजुरीची वाट बघत होता, हे नंतर वर्तमानपत्रांतून कळलं.

पुढं काय झालं? चौकशी समिती बसली. निलंबनं झाली, बदल्या झाल्या, कंत्राटी कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. आणि फेब्रुवारीत दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे रात्री दोनला सर्व्हर पडला तर ड्युटीवरच्या पोराला फोन येतो. दुसऱ्या दिवशी बैठक होते. त्यात ‘कुणी चुकवलं’ हा प्रश्न विचारायचा नाही, असा नियम आहे. विचारायचं ते हे: अलार्म का वाजला नाही? पर्यायी व्यवस्था का नव्हती? ही त्रुटी आधी कुणी लिहून ठेवली होती का, आणि ती किती दिवस पडून होती? एका माणसाला काढून प्रश्न मिटवला, तर पुढच्या रात्री तोच सर्व्हर दुसऱ्याच्या हातात पडतो, हे आम्हाला अनुभवानं कळलंय. आमच्याकडे फार तर कुणाची ऑर्डर अडकते. जिथं बाळं जातात तिथं मात्र चौकशी जिल्ह्यातल्या डॉक्टर-परिचारिकांपर्यंत येऊन थांबते.

परिचारिकेची चूक कधीच नसते, असं मी म्हणत नाही. पण नवजात कक्षात दर पाळीला तीन-चार बाळांमागे एक परिचारिका असावी, हे सरकारच्याच मार्गदर्शिकेत लिहिलेलं आहे. तेवढी पदं भरली होती का, हे आधी विचारा. पदं भरायचं काम परिचारिकेचं नाही. प्रस्तावावर सही करायचं तर नाहीच नाही.

भंडाऱ्यातून धडा घेतला म्हणावं, तर त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि अकरा रुग्ण गेले. दहा महिन्यांत तीच गोष्ट पुन्हा.

ऑक्टोबर २०२४मध्ये राज्यात एकाच दिवशी दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यात भंडारा होतं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? रेफरची चिठ्ठी कमी होईल, ही आशा मलाही आहे. पण त्या दिवशीचे फलक बघताना वाटलं, की जे.जे.च्या काळापासून आपली सवय तीच आहे. फीत कापायला मंत्री मिळतो. वायर बदलायला फाइल फिरते.

‘पैसाच नाही हो,’ असं कुणी म्हणेल. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाचा आठ टक्क्यांहून जास्त वाटा आरोग्यावर खर्च करावा, असं लिहिलंय. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही नाही. आणि हे देशातल्या श्रीमंत राज्यांपैकी एक. १५ ऑगस्ट २०२३पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. निर्णय उत्तमच आहे, पण मोफत म्हणजे बिल पेशंटऐवजी तिजोरीनं भरायचं. तिजोरीनं ते वेळेवर भरलं नाही, तर पेशंटच्या हातात ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी पडते, आणि मोफत हा शब्द फलकावरच राहतो.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. यंत्र घेतानाच पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचे पैसे त्याच मंजुरीत धरा. वायरिंग आणि अग्निसुरक्षेच्या दुरुस्तीसाठी जिल्हा शल्यचिकित्सकाला मुंबईकडे न बघता खर्च करता आला पाहिजे. आणि प्रत्येक प्रस्ताव कोणत्या टेबलावर किती दिवस आहे, हे लोकांना दिसू द्या. आपलं पार्सल कुठं पोचलं, हे फोनवर दिसतं. मग ही फाइल का दिसू नये?

तोवर एक काम आपल्या हातात आहे. २००६च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार अशा इमारतींच्या अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा द्यावं लागतं, जानेवारीत आणि जुलैत. तुमच्या जिल्हा रुग्णालयाचं शेवटचं प्रमाणपत्र कधीचं आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्ज फोनवरूनही होतो.

भंडाऱ्याची आग जानेवारीतच लागली होती. पुढच्या जानेवारीत तुमच्या गावच्या दवाखान्याला हा प्रश्न विचारा, आणि उत्तर आलं नाही तर जुलैत पुन्हा विचारा.