पिशवी काढणारे फार, "थांबा" म्हणणारा कोण?

आमच्या अंबाजोगाईत काय नाही? आद्यकवी मुकुंदराजाची समाधी आहे. दासोपंतांची पासोडी आहे. योगेश्वरीचं देऊळ आहे. आशियातलं पहिलं म्हणून भाषणात मिरवलं जाणारं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. नाही तो एकच. आमचा फॅमिली डॉक्टर.

हा शब्दच माडीवरचा. आजोबाची साखर, आईचा दमा, सुनेचं बाळंतपण, सगळं त्याला तोंडपाठ. कुणी ऑपरेशन सांगितलं तर तो म्हणतो, "थांबा, घाई कशाला?" औषधापेक्षा या एका शब्दाची किंमत जास्त. आमच्या वस्तीला "थांबा" म्हणणारा भेटलाच नाही. भेटला तो सुई टोचणारा, सलाईन लावणारा, आडनाव विचारून जात हुंगणारा.

माझ्या मावशीचं घ्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे फडात, डोक्यावर मोळी, रात्री कोपीत चूल. न्हाणी नाही, संडास नाही. अंगावर पांढरं जायला लागलं. एका खासगी दवाखान्यात गेली. पाच मिनिटांत निकाल, "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल." मुकादमाकडून आणखी उचल घेतली अन् पिशवी काढली. तिशी ओलांडली नव्हती. आता कंबर धरून मोळी उचलते, कारण उचल फिटायचीय.

एकट्या मावशीची गोष्ट असती तर नशिबाला शिव्या घालून गप बसलो असतो. पण 2019 साली नीलम गोऱ्हे समितीपुढं बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायांची पाहणी आली. 13,861 जणींची पिशवी काढलेली! सहा बायांमागं एक! बहुतेक ऑपरेशनं खासगी दवाखान्यांत. शहाणे म्हणाले, बाया अडाणी. अडाणी? पांढरं जाणं बहुतेक वेळा गोळ्या-औषधानं बरं होतं, हे सांगायचं काम कुणाचं होतं? देवीचं?

1948 साली विलायतेत प्रत्येकाला एका डॉक्टरच्या यादीत नाव लावायचा हक्क मिळाला, पैसा न मोजता. त्याच साली आपल्याकडं राज्य कामगार विमा कायदा झाला. गिरणी कामगाराला विम्याचा डॉक्टर मिळाला. पण हंगामी कारखाने त्या कायद्यानं वगळले, अन् त्यात साखरेचं नाव स्पष्ट घातलं. तोडणीवाला तर कारखान्याचा कामगारसुद्धा नाही, तो मुकादमाच्या टोळीतला! आमचं काम हंगामी, आमचं पोट हंगामी. आमच्या बायांचं गर्भाशयही हंगामी समजलात काय?

कुणी म्हणेल, उपकेंद्र आहे, आशाताई आहे. आहे ना. 5,000 माणसांमागं उपकेंद्र, 30,000 माणसांमागं आरोग्य केंद्र, असं सरकारी कागद म्हणतो. पण दिवाळीनंतर आम्ही गावात असतो कुठं? सांगली, कोल्हापूर, बेळगावच्या फडात असतो. तिथल्या वहीत आमचं नाव नाही, इथल्या वहीत आमचं दुखणं नाही. अन् मोठ्या हॉस्पिटलाशी आमचं भांडण नाही. पण ते दुखणं वाढल्यावरचं. त्याआधी दारात कोण?

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. प्रत्येक वस्तीच्या नावावर एक डॉक्टर अन् एक नर्स लावा, नाव-गाव जाहीर करून. प्रत्येक बाईचा आरोग्याचा कागद टोळीबरोबर जाऊ द्या. तोडणीला जाण्याआधी अन् आल्यावर तपासणी करा. फडावरच्या दवाखान्याचा खर्च साखरेच्या पोत्यातून काढा. दुसऱ्या, सरकारी डॉक्टरच्या लेखी मताशिवाय पिशवीला हात लावायचा नाही. ही भीक नाही. साखर गोड आहे ती आमच्या घामानं.

अन् आपल्यातून डॉक्टर झालेल्या भावा-बहिणींनो, तुम्हालाही विचारतो. बाबासाहेबांच्या लढ्यानं तुमच्या गळ्यात स्टेथोस्कोप आला. तो पुण्या-मुंबईच्या फ्लॅटातच लोंबकळणार? आठवड्यातून एक दिवस वस्तीत या. नाडी धरा. शेजारी बसा. "थांबा" म्हणा.

तुम्ही नाही म्हटलंत तर आम्ही म्हणू. दवाखान्याच्या दारात उभं राहून, सगळ्या मावश्यांना बरोबर घेऊन, मोठ्यानं म्हणू.

थांबा!

जयभीम.