मांजराला शाम्पू नको, फणी लावा

मांजरांचे केस आणि नखं हा माझा धंदा. आधी डोंबिवलीत बायकांचं पार्लर होतं, थ्रेडिंग-वॅक्सिंगचं. आता फक्त मांजरं, तीही त्यांच्या घरी जाऊन. फोन आला की पहिला प्रश्न विचारते, "मांजर कुठलं?" समोरून "साधंच हो, आमच्या बिल्डिंगखालचं," असं उत्तर आलं तर सांगते, ताई, मला बोलवू नका. एक रबरी ब्रश आणा, आणि नखं कशी कापायची ते डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्या. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवते म्हणून घरचे मला वेड्यात काढतात.

पण आखूड केसांचं धडधाकट मांजर स्वतःची आंघोळ स्वतःच करतं, दिवसातून कितीदा तरी. त्याच्या जिभेवरचे काटे तुमच्या हाताला लागलेच असतील. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी २०१८मध्ये त्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्या काट्यांची टोकं पोकळ असतात, त्यात लाळ भरते आणि ती थेट केसांच्या मुळाशी पोचते. त्यांच्या अभ्यासात पर्शियनचं मात्र अडलं. केस इतके लांब आणि दाट की काटे कातडीपर्यंत जातच नाहीत. नाकापेक्षा मोती जड, तो असा. आणि हा मोती त्या जनावरानं मागितला नव्हता, माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्याच्या अंगावर चढवला. तेव्हा पर्शियन घरात आणलं की फणीही रोज माणसानंच धरायला हवी.

इथंच घोडं पेंड खातं. पंच फेस, म्हणजे चपट्या नाकाच्या पिल्लासाठी हजारो रुपये मोजणारी माणसं पोलादी फणी घेताना घासाघीस करतात. मग पावसाळा संपता संपता मला बोलावणं येतं. काखेत, कानामागे, पोटाखाली, मागच्या मांड्यांना जटा झालेल्या असतात. वरून हात फिरवला तर मऊच लागतं, कळत नाही. बोटं आत घातली की सुपारीएवढी गाठ लागते, आणि कातडी त्या गाठीबरोबर वर ओढली जाते. मांजराची कातडी पातळ आणि सैल. जट कुठं संपली आणि कातडी कुठं सुरू झाली ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून घरच्या कात्रीनं "एवढंच कापून टाकू" म्हणणाऱ्यांची मांजरं टाके घालायला दवाखान्यात जातात. मी आधी केसांची मुळं दोन बोटांत घट्ट धरते, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. चिमूटभर कॉर्नफ्लॉवर चोळते आणि फणीच्या टोकानं गाठ कडेकडेनं उकलत जाते. सुटत नसेल तर फणी गाठीखाली सरकवून वरून ट्रिमर. त्याचं ब्लेड तापतं, म्हणून दर थोड्या वेळानं मनगटाला लावून बघते. मधेच शेपूट आपटायला लागली, कान मागे गेले की थांबते. तोंड उघडून धापा टाकल्या तर त्या दिवसाचं काम तिथंच बंद, आणि धाप लगेच बसली नाही तर सरळ डॉक्टर.

या कामाला वेळ लागतो आणि फोटोत ते दिसत नाही. फोटोत दिसतं ते 'स्पा पॅकेज': शाम्पू, कंडिशनर, ड्रायर, सेंट, गळ्यात बो. हे सगळं कुत्र्यांच्या पार्लरमधून जसंच्या तसं उचललेलं. जटा न सोडवता पाणी घातलं की त्या आवळतात, त्यांचा नमदा होतो. सेंट तर मांजर घरी येऊन चाटूनच काढणार. कुत्र्याच्या गोचिडीच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे. त्याच्या यकृताला ते नीट पचवता येत नाही. टी ट्री ऑइलही 'नैसर्गिक' म्हणून लावू नये. पार्लरमध्ये बाटली बघायला मागा. दाखवत नसतील तर मांजर उचला आणि घरी या.

दुसरी मागणी हमखास येते, "इंजेक्शन देऊन करा ना, पटकन उरकेल." नाही. गुंगीचं औषध देणं हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम, आणि चपट्या नाकाच्या मांजराला तर आधीच श्वासाचा त्रास. अंगभर नमदा झालाच असेल तर दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली भादरून घ्या. तिथं मला पैसे मिळाले नाहीत तरी चालेल.

माझ्या धंद्यात उतरायला गुमास्ता लायसन्स पुरतं. मांजर कसं धरायचं हे येतं का, असं मला आजवर कुठल्याही कार्यालयानं विचारलेलं नाही. एकच ट्रिमर न धुता दहा मांजरांवर फिरवला तर गजकर्ण पसरतो, आणि तो मांजरावर थांबत नाही, घरातल्या पोरांच्या दंडावर गोल चट्टे उठतात. कायद्याचा धाक म्हणाल तर, प्राण्यांना क्रूरपणे वागवल्याबद्दल १९६०च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. वडापाव महाग झाला, हा दंड तिथंच आहे. पालिकेनं परवान्याला निदान हत्यारं निर्जंतुक करण्याची आणि पशुवैद्यकाशी जोडून घेण्याची अट घालावी. आम्हा नीट काम करणाऱ्यांना ती जड जाणार नाही.

मे महिन्यात लायन कटचे फोन येतात. "उकडत असेल हो तिला." विंचरलेले केस तिला गरमीतही सोसतात, गुंतलेले सोसत नाहीत. नुसता छाती-डोक्यावरचा झुपका ठेवून बाकी अंग उघडं करणं हे बहुतेक वेळा रीलसाठी असतं, आणि उन्हात बसणाऱ्या मांजराची कातडी त्यात भाजते.

एका फोनला मात्र मी तारीखच देत नाही. "आमचं मांजर तेरा वर्षांचं आहे, कधी जटा नव्हत्या, आता पाठीवर व्हायला लागल्यात." मांजर चाटायचं थांबलं म्हणजे सांधे दुखत असतील, दात गेले असतील, मूत्रपिंडाचं काही असेल. त्यांना सांगते, आधी डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या, केसांचं मागाहून बघू.