ज्युनिअर यादीतला १३३ वा

गळ्यात हार, हातात चषक, एका बाजूला प्रशिक्षक आणि दुसऱ्या बाजूला आई-वडील, असा 'चौदा वर्षांखालील विजेत्या'चा फोटो आपल्या भागातल्या वर्तमानपत्रांत आठवड्याला एखादा तरी असतोच. कन्नड पेपरात असतो, मराठीत असतो आणि काही घरांत दोन्ही कात्रणे एकाच वहीत शेजारी शेजारी चिकटवलेली असतात. त्यात वावगे काही नाही. मुलाने उन्हात घाम गाळलेला असतो, आईने पहाटे उठून डबा केलेला असतो, वडिलांनी स्कूटरवरून ने-आण केलेली असते. कौतुक व्हायलाच हवे. प्रश्न एवढाच, की चौदाव्या वर्षीचे हे कात्रण पंचविसाव्या वर्षाबद्दल आपल्याला काय सांगते? टेनिसमध्ये हा प्रश्न आकडे घेऊन विचारता येतो, कारण या खेळात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींचीही स्वतंत्र जागतिक क्रमवारी ठेवली जाते.

इटलीतल्या दोन मुलांची उदाहरणे पाहू. पहिला जानलुइजी क्विन्झी. २०१३ साली हा मुलगा विम्बल्डनची ज्युनिअर स्पर्धा जिंकला. ज्युनिअर क्रमवारीत तो जगात पहिला होता. १९७६ साली आद्रियानो पानात्ता फ्रेंच ओपन जिंकला आणि त्याच वर्षी इटलीने डेव्हिस करंडक मिळवला. त्यानंतर कित्येक वर्षे इटलीच्या पुरुष टेनिसपटूंच्या वाट्याला एकेरीचे मोठे विजेतेपद आले नव्हते. साहजिकच सतरा वर्षांच्या क्विन्झीच्या खांद्यावर साऱ्या देशाची वाट पाहणे येऊन बसले. मोठ्यांच्या क्रमवारीत त्याची मजल १४२ पर्यंत गेली आणि २०२१ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याने व्यावसायिक टेनिस सोडले. त्याला नावे ठेवायचे कारण नाही. जगात १४२ वा येणे हे रॅकेट धरणाऱ्या हजारो मुलांना स्वप्नातही जमत नाही.

दुसरा मुलगा यानिक सिनर. ज्युनिअर क्रमवारीत त्याचा सर्वांत वरचा क्रमांक होता १३३. ज्युनिअर विम्बल्डन तो खेळलाच नाही. १० जून २०२४ रोजी तो मोठ्यांच्या क्रमवारीत पहिला आला. त्या जागी पोहोचलेला तो पहिला इटालियन. १३ जुलै २०२५ ला त्याने विम्बल्डन जिंकले. तिथले एकेरीचे विजेतेपदही त्याच्याआधी कुठल्या इटालियनाला मिळाले नव्हते.

हे दोन आकडे शेजारी ठेवून 'ज्युनिअर स्पर्धांना काही अर्थ नाही' असे म्हणणे सोपे आहे आणि चूकही. फेडरर १९९८ साली ज्युनिअर विम्बल्डन जिंकूनच पुढे आला. माझे कुतूहल वेगळे आहे. त्या १३३ क्रमांकाच्या काळात सिनरच्या घरी आणि त्याच्या प्रशिक्षकाकडे काय चालले होते?

त्याचे गाव आल्प्स पर्वतात, ऑस्ट्रियाच्या सरहद्दीला लागून. जर्मनमध्ये सेक्स्टन, इटालियनमध्ये सेस्तो. एका गावाला दोन नावे आणि पाटीवर दोन्ही लिहिलेली, यातली गंमत आपल्या वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको. हा दक्षिण टिरोल प्रांत पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा होता, युद्धानंतर इटलीत आला. मुसोलिनीच्या राजवटीत तिथल्या जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची नावे बदलली, लोक मुलांना चोरून जर्मन शिकवत राहिले. १९७२ च्या स्वायत्ततेच्या कायद्यानंतर गाडी पुष्कळशी रुळावर आली. सिनरच्या घरची भाषा जर्मन, तीही तिथल्या डोंगरी वळणाची. इटालियन ही दुसरी भाषा. वडील बर्फात खेळायला येणाऱ्यांसाठीच्या एका उपाहारगृहात आचारी, आई तिथेच वाढण्याचे काम करणारी. दोघेही दिवसभर कामावर, त्यामुळे मुलगा शाळेतून सुटला की बर्फावर.

स्कीइंग हाच त्याचा पहिला खेळ. सात-आठ वर्षांचा असताना तो वयोगटात इटलीचा विजेता झाला होता आणि बाराव्या वर्षी उपविजेता. म्हणजे कात्रणांची वही होती, पण ती दुसऱ्याच खेळाची! टेनिस मधल्या काळात एक वर्षभर त्याने सोडूनही दिले होते, वडिलांनी समजावून पुन्हा हातात रॅकेट दिली. तेराव्या वर्षापर्यंत तो आठवड्यातून दोन-तीनदाच टेनिस खेळत असे. आपल्याकडे तेराव्या वर्षी आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्या मुलाला प्रशिक्षक म्हणतील, 'सीरियस नाही.'

मग त्याने स्कीइंग का सोडले? याचे त्याने अनेकदा दिलेले उत्तर मला फार शहाणपणाचे वाटते. स्कीइंगच्या शर्यतीचा निकाल दीड-दोन मिनिटांत लागतो. एक चूक झाली, एका वळणावर पाय घसरला, की सगळे संपले. टेनिसमध्ये कितीतरी गुण गमावूनही सामना जिंकता येतो, चूक करून पुढच्या चेंडूला ती दुरुस्त करता येते. ज्या खेळात तो देशात दुसरा होता तो त्याने सोडला आणि ज्यात त्याला फारसे कोणी ओळखत नव्हते तो धरला, कारण तिथे चुकायला जागा होती. बर्फावर कमावलेला तोल मात्र वाया गेला नाही. सिमेंटच्या कोर्टवर पाय पसरून तो घसरत जातो आणि त्याच क्षणी सावरून उभा राहतो, ते पाहिले की बर्फाची आठवण होतेच.

आता घरच्यांचा भाग. तेरा वर्षांचा हा मुलगा सेक्स्टन सोडून बोर्दिगेराला गेला. हे समुद्रकाठचे गाव इटलीच्या पार पश्चिमेला, फ्रान्सच्या सरहद्दीजवळ. म्हणजे एका सरहद्दीवरून थेट दुसऱ्या सरहद्दीवर. तिथे रिकार्दो पियात्ती यांची अकादमी होती. क्रोएशियाच्या इव्हान ल्युबिचिचला जगात तिसऱ्या क्रमांकापर्यंत नेणारे हे प्रशिक्षक. राहण्याची सोय अकादमीतल्याच एका क्रोएशियन प्रशिक्षकाच्या घरी झाली. त्या घरात त्यांची दोन मुले होती, एक कुत्रा होता. आजूबाजूला सगळे इटालियन बोलणारे आणि याचे इटालियन शाळेपुरते, अडखळणारे. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, अशा वातावरणात वाढलेल्या आपल्या मुलांना हे जरा तरी कळेल, पण तेराव्या वर्षी दुसऱ्या भाषेतच राहायला जाणे, त्यातच जेवायला मागणे, त्यातच रडू आवरणे, ही गोष्ट वेगळी. आई-वडिलांनी त्याला जाऊ दिले. जबरदस्तीने पाठवले नाही आणि अडवलेही नाही. २०२४ साली ऑस्ट्रेलियन ओपन जिंकल्यावर बक्षीस समारंभात तो याच गोष्टीबद्दल बोलला. आपल्या आई-वडिलांनी जे हवे ते निवडू दिले, लहानपणी दुसरे खेळ खेळू दिले, कधी दडपण आणले नाही, असे पालक सर्वांना मिळावेत, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता.

कॉलेजात प्रवेशाच्या दिवसांत अर्ज भरणारे वडील आणि शेजारी गप्प उभा असलेला मुलगा, ही जोडी आम्हा प्राध्यापकांना नवी नाही. 'त्याला काही कळत नाही हो सर, मीच ठरवलंय,' हे वाक्य मराठीत ऐकतो, कन्नडमध्येही ऐकतो. दोन्ही भाषांत सूर एकच असतो.

पियात्ती यांनी पुढे केलेली गोष्ट अनेकांना उलटी वाटावी अशी होती. मुलाला ज्युनिअर स्पर्धांमधून फिरवून गुण गोळा करण्याच्या मागे ते लागले नाहीत. सोळाव्या वर्षी, २०१८ मध्ये, सिनर पुरुषांच्या सर्वांत खालच्या व्यावसायिक स्पर्धा खेळू लागला. तिथे समोर वीस-पंचवीस वर्षांचे, पोटासाठी खेळणारे गडी असत. प्रेक्षक मोजके. पहिल्या फेरीत हरले तर हाती येणाऱ्या पैशांत राहण्या-जेवणाचा खर्चही धड भागत नाही. अशा ठिकाणी पोरसवदा मुलगा हरणार हे उघड आहे आणि तो हरलाही. आपल्या वयाच्या मुलांना हरवत राहिला असता तर वर्षभरात क्रमांक सुधारला असता, फोटोही आले असते. पण मोठ्यांचा चेंडू किती जड येतो, दमलेला माणूस सामना कसा ओढून काढतो, हे बरोबरीच्या मुलांशी खेळून कळत नाही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये बेर्गामो या इटालियन शहरातल्या चॅलेंजर स्पर्धेत त्याला वाइल्ड कार्डने प्रवेश मिळाला. त्याचा क्रमांक तेव्हा पाचशेच्याही बाहेर होता. ती स्पर्धा तो जिंकला. वय साडेसतरा. ऑगस्टमध्ये अमेरिकेत लेक्सिंग्टनची चॅलेंजर जिंकली, त्याच महिन्यात पात्रता फेरीतून अमेरिकन ओपनच्या मुख्य स्पर्धेत पोहोचला आणि पहिल्याच फेरीत वावरिंकाकडून हरला. नोव्हेंबरमध्ये मिलानला एकवीस वर्षांखालील निवडक आठ जणांची स्पर्धा जिंकली. वर्ष संपताना क्रमांक होता ७८. पुढच्या वर्षी फ्रेंच ओपनमध्ये पहिल्यांदाच खेळताना उपांत्यपूर्व फेरी गाठली, तिथे नदालने अडवले.

यात एक गोष्ट नजरेआड होऊ नये. बेर्गामो हे इटलीतच आहे. इटलीत चॅलेंजर आणि त्याखालच्या स्पर्धा वर्षभर, लहान-मोठ्या गावांत होतात. सतरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांशी खेळायला विमानाने जग हिंडावे लागत नाही, आगगाडीने जाता येते. आपल्या देशाला ज्युनिअर विजेत्यांची वाण कधीच नव्हती. रमेश कृष्णन १९७९ साली ज्युनिअर विम्बल्डन जिंकला, लिअँडर पेस १९९० साली. युकी भांब्री २००९ साली ज्युनिअर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून जगातला पहिल्या क्रमांकाचा ज्युनिअर झाला. पुढे मोठ्यांच्या एकेरीत रमेशची मजल तेविसाव्या क्रमांकापर्यंत गेली, युकीची त्र्याऐंशीपर्यंत, त्यातही दुखापतींनी त्याची उमेदीची वर्षे खाल्ली. पेसने नाव कमावले ते मुख्यतः दुहेरीत. ज्युनिअर आणि मोठे यांच्यामधला ओढा ओलांडायला जो साकव लागतो, तो आपल्याकडे अरुंद आहे. २०२३ साली धारवाडला पुरुषांची अशी एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, सिनर सोळाव्या वर्षी जिथे हरत होता त्याच पायरीवरची. ज्यांना रॅकेट धरणारी मुले आहेत त्यांनी अशी स्पर्धा पुन्हा जवळपास आली तर बेळगावहून तास-दीड तासाची बस पकडून ती जरूर दाखवावी. टीव्हीवरचा अंतिम सामना मुलांनी पाहिलेला असतो, ही पायरी पाहिलेली नसते.

सिनरची वाट पुढेही सरळ नव्हती. २०२२ च्या फेब्रुवारीत त्याने पियात्तींना सोडले. ज्यांनी घडवले त्यांनाच सोडल्याबद्दल बरीच चर्चा झाली. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये डेव्हिस करंडकाच्या गटफेरीतून त्याने माघार घेतली, तेव्हा इटलीत 'हा खरा इटालियन आहे तरी का' इथवर बोलले गेले. जर्मन बोलणारा, तांबड्या केसांचा, मोनॅकोत राहणारा! सरहद्दीवरच्या माणसाने एक सामना सोडला की त्याची भाषा आधी आठवते. दोनच महिन्यांनी त्याच स्पर्धेच्या उपांत्य लढतीत जोकोविचविरुद्ध सलग तीन मॅच पॉइंट वाचवून तो जिंकला आणि ४७ वर्षांनी करंडक इटलीला गेला. मग कोणी भाषा काढली नाही.

मार्च २०२४ मध्ये त्याच्या उत्तेजक चाचणीत क्लोस्टेबॉल हे बंदी असलेले द्रव्य अत्यल्प प्रमाणात सापडले. मालिश करणाऱ्याने आपल्या बोटाच्या जखमेवर मारलेल्या औषधातून ते अंगात गेले, हा खुलासा चौकशी समितीने मान्य केला आणि त्याला निर्दोष ठरवले. पण जागतिक संघटनेने अपील केले आणि शेवटी तडजोड होऊन फेब्रुवारी ते मे २०२५ अशी तीन महिन्यांची बंदी त्याने भोगली. एवढ्या मोठ्या खेळाडूला सौम्य वागणूक मिळाली, असे म्हणणारे खेळाडूही आहेत. नावाजलेल्या माणसाबद्दल लिहिताना ही बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे.

बंदी संपल्यावर पाचच आठवड्यांनी, ८ जून २०२५ ला, फ्रेंच ओपनचा अंतिम सामना झाला. अल्कराझविरुद्ध विजेतेपदासाठीचे तीन गुण सिनरच्या हातात होते. तिन्ही निसटले. पाच तास एकोणतीस मिनिटांनी तो हरला. ज्या खेळात चूक दुरुस्त करता येते म्हणून तो त्याने निवडला, त्याच खेळाने त्या दिवशी हे औदार्य समोरच्याला दाखवले. समारंभात बोलताना त्याने सांगितले की आई इथे आली आहे, वडील मात्र आज कामावर आहेत. मुलगा पॅरिसमध्ये अंतिम सामना खेळत होता आणि वडील आपल्या कामाला गेले होते.

पाच आठवड्यांनी विम्बल्डनला समोर पुन्हा अल्कराझच होता. पहिला सेट गमावून सिनरने पुढचे तिन्ही घेतले. या वेळी आई, वडील, भाऊ, सगळे मैदानात बसले होते. चषक हातात घेऊन त्याने त्यांचे आभार मानले आणि भावाकडे पाहून हसत सांगितले, या आठवड्यात फॉर्म्युला वनची शर्यत नाही, म्हणून स्वारी इथे आली आहे.