निकोडेमस मोजायचं कसं?

अमेरिकेतल्या कॅन्ससच्या गवताळ माळावर १८७७ मध्ये केंटकीहून आलेल्या कृष्णवर्णीयांनी निकोडेमस वसवलं. त्यातले बरेचसे एकेकाळचे गुलाम. जाहिरातीत सुपीक जमिनीची वर्णनं होती. प्रत्यक्षात दिसलं ते उघडं रान आणि जमीन खोदून केलेल्या घरांतून वर येणारा धूर. काही जण लगेच माघारी फिरले. उरलेल्यांना पहिल्या हिवाळ्यात ओसेज आदिवासींनी शिकारीतला वाटा दिला, असं सांगतात.

दहा वर्षांत तिथे शाळा, चर्च, हॉटेल, बँक आणि चक्क दोन वृत्तपत्रं उभी राहिली! इथलेच एडवर्ड मॅकेब १८८२ मध्ये राज्याचे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले.

मग रेल्वेनं दगा दिला. तिच्यासाठी गावानं कर्जरोखे मंजूर केले होते, तरी १८८८ मध्ये रूळ पडले ते नदीपलीकडे. दुकानदार उठून तिकडे, बोग गावी गेले.

२०२० च्या जनगणनेत इथे जेमतेम १४ माणसं उरली होती. पण तेवढ्यावरून निकोडेमसला मेलेलं गाव म्हणणं उथळपणाचं आहे. दरवर्षी जुलैअखेर मुक्तिदिनाच्या सोहळ्याला देशभर पांगलेले वंशज परततात. मिरवणूक, प्रार्थना, पंगती होतात. १९९६ मध्ये निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, पण त्याआधी कित्येक दशकं ते जपलं होतं या वंशजांनीच. श्रेय आधी त्यांना द्यायला हवं, सरकारला नंतर.