रेडिएटरची गळती आणि हळदीची पूड

नारायणगांवच्या टोमॅटो बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर उन्हाळ्यांत दोन घटका उभें राहिलें, तर एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. जुनी पिकअप कडेला थांबलेली, आंतून वाफ निघत आहे, आणि मालक रिकामा डबा घेऊन जवळच्या विहिरीकडे निघाला आहे. पाणी ओतलें, चिमूटभर हळदीची पूड टाकली, गाडी चालू झाली, कीं प्रश्न मिटला अशी समजूत होते. आमच्या मतें प्रश्न तेथेंच सुरू होतो.

हळदीनें बारीक छिद्र बुजतें हें आम्ही नाकारीत नाहीं. वाटेंत अडलेल्या माणसानें घर गांठण्यापुरता हा उपाय केला, तर त्यास कोण दोष देईल? परंतु जी पूड छिद्र बुजविते, तीच रेडिएटरच्या अरुंद नळ्याही बुजविते, आणि पुढील चढावर इंजिन अधिकच तापतें. अति तापून इंजिनाचें हेड वांकलें, म्हणजे एका रबरी नळीवर भागणारें काम कर्ज काढण्यापर्यंत जातें.

आमची सारी हयात महसुली कारकुनींत गेली. बांधाची तक्रार आली कीं प्रथम जागेवर पाहणी, मग पंचनामा, आणि शेवटीं निर्णय, हा क्रम आमच्या अंगवळणीं पडलेला. स्वतःच्या गाडीच्या बाबतींत मात्र आम्ही तो विसरलों. टोमॅटोचे क्रेट भरून अवसरीचा घाट चढत असतां कांटा लाल रेघेवर गेला. एका कारागिरानें वरवर पाहून सांगितलें, “रेडिएटर गेला, नवाच घाला.” आम्हीं घातला. आठ दिवसांत पाणी पुन्हां उतरलें. तेव्हां दुसऱ्या कारागिरानें वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोंकाला बोट लावून दाखविलें. पंपाचें सील झिजून तेथून थेंब थेंब गळत होतें. जुना रेडिएटर तोंवर भंगारांत गेला होता, आणि त्या दिवशींचा माल बाजार उठल्यावर पोहोंचला तें निराळेंच.

म्हणून आमचें सांगणें असें कीं, आधीं गळती शोधावी. इंजिन पूर्ण थंड झाल्यावांचून झांकण उघडूं नये. समुद्रसपाटीहून सुमारें ७०० मीटर उंचीवर उघड्या भांड्यांतील पाणी सुमारें ९८ अंशांस उकळतें. रेडिएटरमध्यें दाब असल्यामुळें तें शंभराच्या पुढें जाऊनही उकळत नाहीं. झांकण फिरवितांच दाब सुटतो आणि उकळी थेट तोंडावर येते. रात्रीं गाडीखालीं स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळीं डाग कोठें पडला यावरून नळी, पंप कीं रेडिएटर याचा निम्मा उलगडा होतो. नळ्यांच्या टोकांशीं, पट्ट्यांखालीं पांढरट किंवा हिरवट खपली दिसली, तर तेथून पाणी झिरपून वाळलें आहे असें समजावें. झांकणाचें रबर व स्प्रिंगही तपासावी; ती सैल झाली तरी पाणी निघून जातें, आणि झांकण बदलणें हें सर्वांत स्वस्त काम आहे.

बाहेर कोठेंच ओल नाहीं, तरी पाणी कमी होतें, धूर पांढरा येतो, तेल दुधाळ चहासारखें दिसतें, रेडिएटरमध्यें बुडबुडे उठतात, अशी स्थिति असेल तर बहुधा हेड गॅस्केट गेलें आहे. मग गाडी एक मैलही हांकूं नये.

दुरुस्तीचेंही तारतम्य आहे. जुन्या ट्रॅक्टरांचे तांब्या-पितळेचे रेडिएटर जाणता कारागीर डाख देऊन नीट करितो. नव्या गाड्यांत ॲल्युमिनियमची जाळी व प्लॅस्टिकची टांकी असते. प्लॅस्टिक तडकलें, तर लुकणानें तें फार दिवस टिकत नाहीं.

आतां पाण्याविषयीं. ठिबकच्या नळ्यांत क्षार धरून त्या बंद पडतात, हें आमच्या बागायतदारांस सांगावयास नको. ठिबकसाठीं आपण विहिरीच्या पाण्याला एवढे भितों, आणि तेंच पाणी इंजिनांत बिनदिक्कत ओततों! ठिबकांत सोडतात तसें आम्ल मात्र रेडिएटरमध्यें सोडूं नये. तें ॲल्युमिनियम खातें. गाडीच्या पुस्तकांत सांगितलेलें कूलंट घ्यावें, व त्यांत पाणी मिसळावयाचें असल्यास तें डिस्टिल्ड असावें. बहुतेक कूलंटांत असणारें एथिलीन ग्लायकॉल गोड पण विषारी असतें. काढलेलें कूलंट गोठ्याजवळ उघड्या घमेल्यांत ठेवलें, तर कुत्रें किंवा वासरूं तें पिऊन दगावेल. हा खर्च कोणत्याच हिशेबांत धरलेला नसतो.

आमच्या संघास एक सूचना आहे. झांकणाच्या जागीं बसवून हातानें दाब भरण्याचा, कांटा असलेला एक पंप मिळतो. झांकणावर छापलेल्या आंकड्याइतका दाब भरून कांटा पाव तास पाहिला, कीं तो उतरतो कीं नाहीं हें डोळ्यांसमोर दिसतें, आणि उतरत असेल तर पाणी कोठून येतें तेंही सांपडतें. एका शेतकऱ्यानें असा पंप घेणें परवडणार नाहीं. संघानें एक घ्यावा, आणि बाजाराच्या दिवसांत तो नारायणगांवीं, एरवीं मंचरास ठेवावा. नोंदवही ठेवण्याचें काम आम्ही विनामूल्य करूं. कारकुनी हात अद्याप चालतो आहे.