पाना, पकड आणि परिक्रमा

एकट्याने जगाची सागरी परिक्रमा करून कोणी परतला की आपल्याकडची भाषणे ठरलेली असतात. अफाट दर्या, डोंगराएवढ्या लाटा, पोलादी छाती, देशाची उंचावलेली मान. २०१० च्या मे महिन्यात दिलीप दोंदे ‘म्हादेई’ घेऊन मुंबईला परतले, तेव्हा हे सारे ऐकले. २०१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच नौकेतून, वाटेत कोठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून आले, तेव्हा पुन्हा ऐकले. भाषणे खोटी नव्हती. पण एकटा माणूस महिनोन्‌महिने समुद्रावर करतो काय, हे त्यांतून कधीच कळत नाही. त्याचा बराचसा वेळ दुरुस्तीत जातो.

शौचालयाच्या दाराची गोष्ट घ्या. २०२२ च्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत टॉमी उतरले होते. या शर्यतीत साधने १९६८ च्या काळातली. उपग्रहाकडून वाट विचारायची नाही. नौकेच्या मागे वाऱ्याची दिशा धरून सुकाणू वळवणारे एक बिनविजेचे यंत्र असते. एकट्या खलाशाला डोळा लागतो तो त्याच्या भरवशावर. टॉमींचे हे यंत्र मोडले, जोडले, पुन्हा मोडले. सुटे भाग पुरेनात, तेव्हा शौचालयाचे दार काढून त्याचे पाते बनवले गेले. चार वर्षांपूर्वी याच शर्यतीत हिंदी महासागरात डोलकाठी मोडून, पाठीचा कणा जायबंदी होऊन हलता न येणाऱ्या अवस्थेत ज्याला फ्रेंच गस्ती नौकेने उचलले होते, तोच हा माणूस. २०२३ च्या एप्रिलअखेर, २३६ दिवसांनी, तो दुसरा आला. दाराचा उल्लेख आपल्याकडे गंमत म्हणून झाला.

एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. १४ जून १९६८ रोजी निघून ३१२ दिवसांनी तो इंग्लंडला परतला. अटलांटिकमध्येच नौका पाणी घेऊ लागली. हा पाण्यात उतरला, श्वास रोखून तळाशी गेला आणि फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासू लागला. कापूस टिकेना, म्हणून कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या चुका ठोकून बसवली. मध्येच शार्क आला. वर येऊन बंदुकीने त्याची वासलात लावली आणि पुन्हा हातोडी घेऊन खाली. यातला शार्क तेवढा सांगितला जातो. चुका ठोकणे कंटाळवाणे, म्हणून ते गळते. परिक्रमा मात्र चुकांनी तारली.

ती नौका, बत्तीस फुटी ‘सुहेली’, मुंबईत बांधलेली होती. सागवानाची. इथल्या सुतारांनी वाकस आणि सामता चालवून घडवलेली. जगाच्या नौकानयनात तिचे नाव आदराने घेतात. मुंबईत दहा जणांना विचारा, एखादा हॉटेलचे नाव समजेल.

नौका घडवणाऱ्या हातांचे मोल व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटींनी नीट ओळखले होते. भारतीय माणसाने परिक्रमा करायची ती भारतात बांधलेल्या नौकेतूनच, हा त्यांचा हट्ट होता. म्हणून गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात ५६ फुटी ‘म्हादेई’ उभी राहिली आणि दोंदे तिच्या बांधणीत पहिल्यापासून होते. कोणता नट कोठे बसला हे डोळ्यांदेखत पाहिलेला माणूस दक्षिण महासागरात अंधारात हात घालतो, तेव्हा त्याच्या हाताला वाट ठाऊक असते. याला छातीचे काम म्हणायचे की बोटांचे?

आमचा आक्षेप पोवाड्यांना नाही. आक्षेप आहे तो त्यातून मुलांपर्यंत काय जाते याला. छाती हवी, हे जाते. पाना धरता यायला हवा, हे जात नाही. कसे जाईल? शाळेत कार्यानुभवाचा तास गणिताच्या सरांना आंदण दिलेला असतो. फळी कापणारा मुलगा ‘अभ्यासात जरा कमी’ ठरतो. घरातला नळ गळू लागला की इंजिनिअर मुलगा प्लंबरला फोन लावतो आणि आई-बाप कौतुकाने सांगतात, त्याला असली कामे जमत नाहीत! अशा घरातून दर्यावर्दी निघालाच, तर तो घरच्यांना चुकवून निघालेला असतो.

पुढच्या वेळी कोणी परिक्रमा करून आला की सत्कार होईलच. आयोजकांनी व्यासपीठावरचा एक मंत्री कमी करावा आणि ती खुर्ची यार्डातल्या सुताराला द्यावी. शाल एक जास्तीची लागेल. त्याला बोलायलाही सांगावे. तो लाटांबद्दल बोलणार नाही.